सामान्य हानी आणि अदृश्य अपव्यय : भाईंदर येथील स्टील भांडी उद्योगाच्या संदर्भात लीन उत्पादन पद्धतीचा परिचय

प्रस्तावना :

मीरा-भाईंदर हे शहर आज प्रामुख्याने मुंबईच्या उंबरठ्यावरील निवासी शहर म्हणून ओळखले जाते. १९८५ साली येथे नगरपरिषद स्थापन झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. २००१ च्या जनगणनेत सुमारे ५ लाख २० हजार असलेली लोकसंख्या २०११ मध्ये ८ लाख ९ हजारांवर गेली. भाईंदरची मिठागरे आणि उत्तनची मासेमारी हे येथील जुने व्यवसाय. त्यांच्या जोडीला भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींत लहान लहान गाळ्यांमधून चालणारा उत्पादन व्यवसाय उभा राहिला आणि त्यात स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांचा वाटा मोठा आहे. सकाळी लोकलने मुंबईकडे जाणाऱ्या शहराच्या पोटात प्रेसचे ठोके आणि पॉलिशच्या चाकांचा आवाज असलेले दुसरे एक शहर वावरत असते. आपल्या महाविद्यालयांतील वाणिज्य शाखेच्या वर्गांत त्या शहराची मुले बसलेली असतात.

प्रस्तुत लेखाचे निमित्त वर्गातच घडले. तृतीय वर्षाच्या वर्गात प्रक्रिया परिव्यय हा घटक शिकविताना सामान्य हानी आणि असामान्य हानी यांतील फरक सांगून झाला. ज्याचे वडील प्रेसच्या गाळ्यात काम करतात अशा एका विद्यार्थ्याने विचारले, की भट्टीपाशी आठ-आठ दिवस पडून राहणारी भांडी या दोहोंपैकी कोणत्या हानीत दाखवायची? पुस्तकाप्रमाणे उत्तर सोपे होते : ती हानीच नव्हे, तो अपूर्ण मालाचा साठा, म्हणजे ताळेबंदातील संपत्ती. उत्तर दिले, परंतु त्याचे समाधान झाले नाही आणि खरे सांगायचे तर प्रस्तुत लेखिकेचेही झाले नाही.

लीन उत्पादन पद्धती या नावाने ओळखली जाणारी विचारसरणी याच प्रश्नापासून सुरू होते. आपल्या अभ्यासक्रमात ती एखाद्या टिपेपुरती येते. सात अपव्ययांची नावे पाठ केली जातात आणि परीक्षेत उतरविली जातात. मोठ्या मोटार कारखान्यात जन्मलेली ही पद्धती भाईंदरच्या गाळ्यात नेमके काय सांगते आणि कोठे अडखळते, हे स्पष्ट करणे हा या लेखाचा हेतू आहे.

संकल्पनेचा उगम :

या पद्धतीचे मूळ कापडाच्या मागात आहे. साकिची टोयोडा यांनी १९२४ साली पूर्णत्वास नेलेला स्वयंचलित माग धागा तुटताच आपोआप थांबत असे. सदोष कापड विणले जाऊ नये आणि एका कामगाराला अनेक मागांवर लक्ष ठेवता यावे, हे दोन्ही हेतू त्यातून साध्य झाले. १९२९ मध्ये या मागाचे हक्क इंग्लंडमधील प्लॅट ब्रदर्स या कंपनीला विकण्यात आले. साकिचींचे पुत्र किइचिरो यांच्या पुढाकाराने १९३७ साली टोयोटा मोटर कंपनी स्थापन झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर भांडवल तुटपुंजे, मागणी थोडी आणि तीही अनेक प्रकारच्या वाहनांची, अशा परिस्थितीत अमेरिकन कारखान्यांप्रमाणे एकाच नमुन्याचे प्रचंड उत्पादन करणे टोयोटाला शक्य नव्हते. तायइची ओनो या अभियंत्याने त्या अडचणीतून मार्ग काढला. पुढच्या टप्प्याला जेवढे हवे तेवढेच मागच्या टप्प्याने तयार करावे, हे त्यांचे सूत्र. अमेरिकेतील सुपरमार्केटच्या फळीवरून गिऱ्हाईक जेवढा माल उचलते तेवढाच पुन्हा भरला जातो, ही गोष्ट त्यांना या संदर्भात मार्गदर्शक वाटली.

१९७३ च्या तेलसंकटात इतर कंपन्या अडचणीत आल्या असता टोयोटा तुलनेने लवकर सावरली आणि जगाचे लक्ष या पद्धतीकडे गेले. जॉन क्राफचिक यांनी १९८८ मधील एका लेखात तिला 'लीन' हे विशेषण लावले आणि वोमॅक, जोन्स व रूस यांच्या १९९० मधील ग्रंथाने ते सर्वतोमुखी केले. 'लीन' म्हणजे चरबी नसलेले, सडपातळ. मराठीत 'काटकसरी उत्पादन' असा प्रतिशब्द सुचतो, पण तो थोडा फसवा आहे. आपल्याकडे काटकसर म्हणजे वस्तू जपून वापरणे. 'टाकाऊतून टिकाऊ' हा आपल्या घराघरांतील संस्कार आहे आणि तो चांगलाच आहे. परंतु तो टाकाऊ वस्तू तयार झाल्यानंतरचा आहे. ओनो यांचा प्रश्न त्याआधीचा होता : ती टाकाऊ का झाली?

सात अपव्यय आणि भाईंदरचा गाळा :

ओनो यांनी सांगितलेले सात अपव्यय असे : गरजेपेक्षा अधिक उत्पादन, प्रतीक्षा, मालाची अनावश्यक ने-आण, अनावश्यक प्रक्रिया, साठा, कामगाराच्या निरर्थक हालचाली आणि सदोष माल. ही यादी आपण वर्गात समान महत्त्वाने शिकवितो. ओनो यांच्या मते मात्र ती समान नाही. गरजेपेक्षा अधिक उत्पादन हा सर्वांत वाईट अपव्यय होय, कारण उरलेले सहा त्याच्या पोटी जन्म घेतात. जो माल आज नको आहे तो केला की ठेवावा लागतो, हलवावा लागतो, त्याखाली दोष झाकले जातात, आणि हवा असलेला माल त्याच्या मागे रांगेत उभा राहतो.

स्टीलचे भांडे तयार होण्याचा मार्ग थोडक्यात सांगितला पाहिजे. पत्र्यातून गोल चकत्या कापल्या जातात. त्यांना व्यवहारात सर्कल म्हणतात. सर्कल प्रेसवर डायमध्ये ओढून त्याला खोलगट आकार दिला जातो. भांडे खोल असेल तर हे काम दोन-तीन टप्प्यांत करावे लागते. ओढल्याने पत्रा कडक होतो, म्हणून मध्ये त्याला भट्टीत तापवून मऊ केले जाते आणि आम्लात धुऊन वरचा काळा थर काढला जातो. मग कड छाटणे, कान किंवा दांडा जोडणे, पॉलिश, पुसणे, खोक्यात भरणे. हे सर्व टप्पे एकाच छपराखाली असतीलच असे नाही. एका गाळ्यात सर्कल, दुसऱ्यात प्रेस, तिसऱ्यात पॉलिश, अशी मजुरीवर कामे वाटून दिलेली असतात आणि अर्धवट तयार भांडी टेम्पोतून वा हातगाडीवरून गल्लीबोळांतून फिरत असतात. या ने-आणीचा खर्च प्रत्येकाच्या वहीत थोडा थोडा असतो. संपूर्ण प्रवास मात्र कोणाच्याच वहीत नसतो.

पत्र्यावरील वर्तुळे :

डोळ्यांना सहज दिसणारा अपव्यय पहिल्याच टप्प्यावर होतो. चौकोनी पत्र्यातून गोल कापायचे म्हटल्यावर कोपरे उरणारच. प्रत्येक वर्तुळ त्याच्याभोवतीच्या चौरसाचा ७८.५४ टक्के भाग व्यापते. कापताना सोडावी लागणारी जागा विचारात घेतली नाही, तरी २१ टक्क्यांहून अधिक पत्रा उरतो. वर्तुळांच्या ओळी एकमेकींच्या खाचांत बसविल्या, तर हे प्रमाण सुधारते : दोन ओळींच्या पट्टीत ८४.२ टक्के, तीन ओळींत ८६.२ टक्के, आणि ओळी कितीही वाढविल्या तरी ९०.७ टक्के ही गणिताने घातलेली मर्यादा.

हे पुस्तकी गणित प्रत्यक्ष पत्र्यावर ठेवून पाहणे उद्बोधक ठरते. चार फूट बाय आठ फूट, म्हणजे १२१९ मि.मी. बाय २४३८ मि.मी. चा पत्रा घेऊ. त्यातून ३०० मि.मी. व्यासाची सर्कल काढावयाची आहेत. अशा सर्कलपासून कड छाटण्यापूर्वी सुमारे १६ सें.मी. रुंद आणि १० सें.मी. उंच टोप तयार होतो. सरळ ओळींत मांडल्यास चार बाय आठ अशी ३२ सर्कल निघतात आणि ७६.१ टक्के पत्रा उपयोगात येतो. आता खाचांत बसणाऱ्या ओळींची 'शास्त्रीय' मांडणी करून पाहू. लांबीच्या दिशेने आठऐवजी नऊ ओळी बसतात, परंतु एकाआड एक ओळीत चारऐवजी तीनच सर्कल मावतात. पाच चोक वीस आणि चार त्रिक बारा. एकूण पुन्हा ३२! लाभ शून्य. कारण मांडणीत नाही, पत्र्याच्या मापात आहे. तेच सर्कल ५६० मि.मी. रुंदीच्या लांब पट्टीतून दोन ओळींत कापले, तर ८४ टक्क्यांच्या जवळ पोहोचता येते. याचा अर्थ असा, की कापणाऱ्या कामगाराने कितीही काळजी घेतली तरी हा अपव्यय त्याच्या हातात नाही. पत्रा कोणत्या मापाचा मागवायचा, हे ज्या टेबलावर ठरते तेथेच तो ठरून गेलेला असतो.

आणखी एक शक्यता आहे. सरळ मांडणीत चार सर्कलांच्या मध्ये जी चांदणीसारखी जागा उरते, तीत सुमारे १२४ मि.मी. व्यासाचे लहान वर्तुळ बसते. ३२ सर्कलांच्या मांडणीत अशा २१ जागा असतात. त्यांतून ८ सें.मी. तोंडाच्या, जेमतेम ३ सें.मी. उंचीच्या २१ उथळ वाट्यांची सर्कल निघू शकतात आणि पत्र्याचा एकूण उपयोग ७६.१ वरून ८४.६ टक्क्यांवर जातो. टाकाऊतून टिकाऊचे यापेक्षा चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

परंतु नेमका येथेच लीन विचार आपल्याला थांबवितो. या वाट्या कोणी मागितल्या आहेत काय? मागणी असेल तर उत्तम. नसेल, तर भंगाराच्या भावाने तरी लगेच रोकड देणाऱ्या तुकड्यावर आपण आणखी प्रेस, भट्टी, पॉलिश आणि मजुरी खर्च करून तो विकला न जाणाऱ्या साठ्यात रूपांतरित केला, एवढेच होते. हिशेबात मात्र याच्या उलट दिसते. भंगार कमी झाले म्हणून कार्यक्षमता वाढलेली दिसते आणि न विकलेल्या वाट्या वर्षअखेरीस संपत्ती म्हणून उभ्या राहतात. एका अपव्ययाने दुसऱ्याचे कपडे घातलेले असतात.

भट्टीपूर्वीची प्रतीक्षा :

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेले एक साधे सूत्र येथे उपयोगी पडते : व्यवस्थेत अडकलेल्या नगांची संख्या भागिले दररोज बाहेर पडणाऱ्या नगांची संख्या, म्हणजे प्रत्येक नगाला लागणारे सरासरी दिवस. एखाद्या गाळ्यात निरनिराळ्या टप्प्यांवर ६,००० भांडी पडून असतील आणि रोज ५०० तयार होऊन बाहेर जात असतील, तर आज आत आलेले सर्कल बारा दिवसांनी टोप होऊन बाहेर पडेल. त्या टोपावर हात लागण्याचा प्रत्यक्ष वेळ काही मिनिटांचा असतो. उरलेला काळ तो वाट पाहत असतो.

स्टीलच्या बाबतीत ही प्रतीक्षा निरुपद्रवी नसते. निकेल कमी आणि मँगॅनीज अधिक असलेले २०० मालिकेतील पोलाद स्वस्त असल्यामुळे भांड्यांसाठी पुष्कळ वापरले जाते. असे पोलाद खोलवर ओढले, की त्यात ताण अडकून राहतो, आणि भट्टीत न तापविता ते तसेच ठेवले तर काही तासांनी वा काही दिवसांनी त्याच्या काठापासून उभी चीर जाऊ शकते. धातुशास्त्रात याला विलंबित तडकणे म्हणतात. प्रेसवरून उतरताना भांडे निर्दोष असते. तपासणाराही ते निर्दोषच ठरवितो. आणि ढिगात पडल्या पडल्या ते फुटते. ही हानी वहीत प्रेसच्या खात्यावर 'सदोष माल' म्हणून नोंदली जाते. वास्तविक ती प्रतीक्षेची हानी असू शकते. भट्टीची खेप भरेपर्यंत माल साठवून ठेवण्याचा निर्णय इंधनाच्या दृष्टीने काटकसरीचा असतो हे मान्य केलेच पाहिजे, कारण अर्धी रिकामी भट्टी पेटविणे कोणालाच परवडत नाही. म्हणूनच ओढकाम आणि भट्टी यांचा मेळ घालणे, म्हणजे भट्टी ज्या दिवशी पेटणार त्याला धरून प्रेसवर खोल भांडी घेणे, हा यंत्रावर एक पैसाही खर्च न करता करण्याजोगा बदल आहे.

डाय बदलण्याचा वेळ आणि खेपेचा आकार :

प्रेसवर एकदा डाय चढविली की ती लवकर उतरवायची नाही, असा सर्वत्र रिवाज असतो. डाय बदलून बसवून जुळवेपर्यंत प्रेस बंद राहतो. म्हणून मालक म्हणतो, एकदा बसविली आहे तर चार हजार नग काढून घेऊ. त्याचे हे म्हणणे चुकीचे नाही. आपण शिकवितो ते मितव्ययी खेपेचे सूत्रही तेच सांगते. फोर्ड हॅरिस यांनी १९१३ साली मांडलेले हे सूत्र मांडणीचा खर्च आणि साठा बाळगण्याचा खर्च यांचा समतोल साधते. केवळ उदाहरणादाखल, वार्षिक मागणी ४०,००० नग, डाय बदलण्याचा खर्च प्रत्येक वेळी ८०० रुपये आणि एक नग वर्षभर बाळगण्याचा खर्च ४ रुपये मानला, तर किफायतशीर खेप ४,००० नगांची येते. वर्षातून दहा वेळा डाय बदलण्याचे ८,००० आणि सरासरी २,००० नग बाळगण्याचे ८,०००, असा एकूण खर्च १६,००० रुपये.

विद्यार्थी येथे गणित पूर्ण करून पेन खाली ठेवतो आणि आपण पूर्ण गुण देतो. ते ८०० रुपये ८०० च का, हे विचारण्यास उत्तरपत्रिकेत जागाच नसते. शिगेओ शिंगो यांनी मात्र तेच विचारले. त्यांनी नमूद केल्याप्रमाणे १९६९ साली टोयोटाच्या मुख्य कारखान्यातील एक हजार टनी प्रेसवरील डाय बदलण्यास चार तास लागत असत. सहा महिन्यांच्या प्रयत्नांनी तो वेळ दीड तासावर आला आणि पुढे तीन मिनिटांवर. यामागील युक्ती ऐकताना अगदी साधी वाटते. प्रेस चालू असतानाच जी तयारी करता येते (पुढची डाय जवळ आणून ठेवणे, बोल्ट आणि पाने हाताशी मांडणे, उंची आधीच सारखी करून ठेवणे) ती बंद प्रेससमोर करावयाची नाही. डाय शोधण्यात, पाना कोणी नेला हे विचारण्यात आणि जुळवणीसाठी पाच-सात भांडी खराब करण्यात जो वेळ जातो, तो सर्व 'डाय बदलण्याच्या' नावावर जमा होत असतो.

आपल्या उदाहरणात डाय बदलण्याचा खर्च ८०० वरून २०० रुपयांवर आला असे मानू. त्याच सूत्राने खेप २,००० नगांवर येते. डाय वीस वेळा बदलली तरी तिचा खर्च ४,००० आणि साठ्याचा ४,०००, एकूण ८,००० रुपये. खर्च निम्मा आणि गाळ्यात अडकलेला मालही निम्मा. भाईंदरच्या गाळ्यात जागा हीच सर्वांत दुर्मिळ गोष्ट आहे. जिना, पोटमाळा आणि दाराबाहेरील रस्तादेखील मालाने व्यापलेला असतो. तेथे निम्मा साठा म्हणजे माणसाला सरळ उभे राहून काम करता येईल एवढी जागा. तिची किंमत सूत्रातील चार रुपयांत मावत नाही.

नगावरची मजुरी :

येथवरचे विवेचन वाचून कोणालाही वाटेल, की मग ही पद्धती गाळ्यागाळ्यांत केव्हाच रुजायला हवी होती. ती रुजत नाही याचे कारण मालकांचे अज्ञान असे सांगण्याची आपल्याकडे पद्धत आहे. प्रस्तुत लेखिकेला ते पटत नाही.

साकिची टोयोडांचा माग धागा तुटताच थांबे. या तत्त्वानुसार टोयोटाच्या कारखान्यात दोष दिसल्यास दोरी ओढून काम थांबविण्याचा अधिकार प्रत्येक कामगाराला असतो. भांड्यांच्या धंद्यात, विशेषतः पॉलिशच्या कामात, मजुरी बहुधा नगावर असते. पॉलिशच्या चाकावर बसलेल्या कामगाराला भांड्याच्या पोटात प्रेसचा ओरखडा दिसला, तर तो काम थांबवील काय? थांबविले तर त्याचाच रोज बुडतो. तो ओरखडा अधिक घासून झाकला जातो, म्हणजे एका दोषावर अनावश्यक प्रक्रियेचा दुसरा अपव्यय चढतो, आणि प्रेसवर तोच ओरखडा पुढच्या हजार भांड्यांवर उमटत राहतो. दोष दडविण्याचे बक्षीस आणि दाखविण्याचा दंड, अशी ही मजुरीची रचना आहे. तिच्यावर लीनचे फलक लावून काहीही साधणार नाही.

दुसरी गोष्ट नोकरीची. डाय लवकर बदलली, हालचाली वाचल्या, तर वाचलेल्या वेळाचे काय होणार, हे कामगाराला चांगले कळते. टोयोटाच्या इतिहासात याचे उत्तर आहे आणि ते आपल्या पाठ्यपुस्तकांत येत नाही. १९५० साली कंपनी दिवाळखोरीच्या काठावर असताना दीड हजारांहून अधिक कामगारांना बाहेर पडावे लागले. दीर्घ संप झाला. अध्यक्ष किइचिरो टोयोडा यांनी राजीनामा दिला. त्यानंतर उरलेल्या कामगारांशी नोकरीच्या शाश्वतीबाबत जो समझोता झाला, त्याच्या आधारावरच कामगारांनी सुधारणा सुचविण्यास सुरुवात केली. आपली सूचना आपल्यावरच उलटणार नाही हा भरवसा प्रथम आला, कार्यक्षमता नंतर. हंगामी आणि परप्रांतांतून आलेल्या, मुकादमामार्फत कामावर लागलेल्या कामगाराला असा भरवसा कोण देणार, हा प्रश्न मोठ्या कारखान्यापेक्षा छोट्या गाळ्यात अधिक तीव्र होतो. यावर तयार उत्तर नाही. परंतु सदोष माल पुढे न पाठविता दाखवून दिल्यास त्या वेळेची मजुरी कापली जाणार नाही, एवढा नियम एका गाळ्याच्या मालकालाही करता येतो.

शासकीय योजना :

केंद्र शासनाने २००९ साली प्रायोगिक स्वरूपात सुरू केलेल्या योजनेत लहान उद्योगांचे गट करून त्यांना लीन सल्लागारांचे मार्गदर्शन उपलब्ध करून देण्यात आले. १० मार्च २०२३ रोजी ही योजना नव्या स्वरूपात जाहीर झाली. तीत मूलभूत, मध्यम व प्रगत असे तीन स्तर असून मार्गदर्शन व सल्ला यांवरील खर्चाचा ९० टक्के भार केंद्र शासन उचलते. पूर्वी हा वाटा ८० टक्के होता. सल्ल्याची फी ही अडचण राहिली नाही, असे म्हणता येईल. याच सुमारास, १४ मार्च २०२४ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक करण्याचे पाऊल उचलले गेले. त्यासाठीचे मानक आयएस १४७५६ हे आहे. त्यामुळे घासून झाकलेला दोष पुढे ढकलणे दिवसेंदिवस महाग होत जाणार आहे.

योजनेची मदार गटावर आहे आणि भाईंदरला तीच उपयोगी पडण्यासारखी आहे. सर्कलवाला, प्रेसवाला आणि पॉलिशवाला हे तिघे निरनिराळे असतील, तर एकट्या प्रेसवाल्याने केलेली सुधारणा पॉलिशच्या दारात नवा ढीग उभा करते. तिघांनी मिळून एका टोपाचा प्रवास मोजला, तरच तो कोठे थांबतो हे दिसते.

परिव्यय लेखांकनापुढील प्रश्न :

शेवटी आपल्या विषयाकडे येणे भाग आहे. प्रक्रिया परिव्ययात सामान्य हानी ही अपरिहार्य मानली जाते. तिचा भार चांगल्या नगांवर टाकला जातो आणि भंगाराची रक्कम प्रक्रिया खात्याच्या जमेला घेतली जाते. पत्र्याच्या आपल्या उदाहरणात २४ टक्के ही सामान्य हानी म्हणून एकदा ठरली, की २४ टक्के भंगार काढणारा गाळा कार्यक्षम ठरतो. कोणी पत्र्याचे माप बदलून ती १६ टक्क्यांवर आणली, तर आपले पुस्तक त्या फरकाला 'असामान्य लाभ' म्हणते. सुधारणा ही आपल्या परिभाषेत असामान्य आहे, ही गोष्ट विद्यार्थ्यांना गमतीने सांगण्याजोगी असली तरी केवळ गमतीची नाही.

सामान्य हानीची संकल्पना टाकून द्यावी असे म्हणणे नाही. वर्तुळाचे गणित कोणीही बदलू शकत नाही, आणि ९०.७ टक्क्यांच्या पलीकडे एकाच मापाची सर्कल निघणार नाहीत. हरकत आहे ती गणिताने घातलेली मर्यादा आणि सवयीने घातलेली मर्यादा एकाच शीर्षकाखाली नोंदविण्यास. ७६ आणि ८४ यांच्यामधील अंतर निसर्गाचे नाही, खरेदीच्या निर्णयाचे आहे. ते स्वतंत्रपणे दाखविता आले पाहिजे. तसेच अपूर्ण मालाच्या साठ्यापुढे केवळ रुपये न लिहिता दिवसही लिहिले, तर भट्टीपाशी पडलेल्या भांड्यांचा प्रश्न निदान कागदावर तरी उमटेल.

यंदा तृतीय वर्षाच्या प्रकल्पासाठी विद्यार्थ्यांना हेच काम देण्याचे योजले आहे. ज्यांच्या घरातील कोणी अशा गाळ्यात काम करते, त्यांनी मालकाच्या परवानगीने एका सर्कलवर खडूने खूण करावयाची. प्रेस आणि भट्टीनंतर ती पुन्हा करावयाची. आणि ते भांडे खोक्यात जाईपर्यंत प्रत्येक टप्प्यावर केव्हा आले व केव्हा हलले, एवढेच वहीत लिहावयाचे. रकाने दोनच आहेत : हात लागलेला वेळ आणि वाट पाहिलेला वेळ. प्रश्न विचारणाऱ्या त्या विद्यार्थ्याने आपल्या वडिलांना त्याबद्दल आधीच सांगून ठेवले आहे. त्यांनी विचारले म्हणे, की हे लिहिल्यावर मालक आपल्यालाच तर काही बोलणार नाही ना?